बटणाची उंची

पगार अठरा हजार,
त्यातले सहा भाड्याला, असा हिशेब
मी बिलाच्या पाठीमागं मांडला, लॅबमध्ये,
शेजारी कुणाच्या तरी खालच्या जबड्याचा साचा वाळत असताना.
दिवसभर मी दुसऱ्यांच्या तोंडात नीट बसतील असे दात घासते.
मला बसायला मात्र
जागा सापडत नव्हती.

एजंटाचं नाव यशवंत आरगे.
पुढं त्याची स्प्लेंडर, मागं माझी स्कूटी,
आणि मध्ये त्याचं बोलणं, वाऱ्यानं निम्मं खाल्लेलं:
"…बाराव्या गल्लीत… आठ सांगतोय… साडेसातला तुटंल…"
राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत,
नंबर चढला की भाडं उतरेल
असं मला वाटलं होतं.
तसं काही नसतं.

पहिल्यानं विचारलं, मटण शिजवता का?
कोल्हापुरात हा प्रश्न!
मी हसले. तो हसला नाही.
दुसरीनं विचारलं, मिस्टर कुठं असतात?
सांगलीला, म्हटलं, त्यांच्या घरी.
माझा चहा अर्धा असतानाच तिनं कप उचलला.
तिसऱ्यानं नाव विचारलं. सांगितलं.
"पूर्ण नाव?"
सांगितलं.
"म्हणजे गाव कुठलं म्हणायचं?"
तेही सांगितलं.
मग त्याला एकदम आठवलं,
पुतण्या पुण्याहून परत यायचाय,
दिवाळीपर्यंत, बहुतेक, सहकुटुंब.
जिना उतरताना आरगे म्हणाला,
"ताई, ह्या माणसाला पुतण्याच न्हाई,"
आणि गाडीला किक मारली, जरा जोरातच.

फुलेवाडीत संडास बाहेर.
कळंब्याला हवा झकास, पण खिडकीसमोर तुरुंगाची भिंत.
"तितल्यांना भाडं न्हाई बघा," आरगे.
उचगावात रुळांलगत एक खोली,
गाडी गेली की मांडणीतली भांडी एकमेकांशी बोलायची.
मला ती आवडली होती.
डिपॉझिट पन्नास हजार.

दुधाळीतली जागा त्यानं शेवटी दाखवली,
किल्ली देताना माझ्याकडं न बघता.
तळमजला. दोन खोल्या, मोरी, मागं हातभर अंगण.
साडेपाच हजार.
भिंतींना नवा रंग, फिकट पिस्ता,
वास अजून ओला.
मी दिवा लावायला हात लांबवला
तर हाताशी नुसती भिंत.
बटणं वर होती. माझ्या डोक्याच्याही वर,
सगळ्या खोल्यांत, एका रेषेत,
जणू या घरात फार उंच माणसं राहून गेली होती.

"पाणी येतं का?" मी विचारलं.
"येतंय की, सकाळी दोन तास," आरगे म्हणाला.
मालकीणबाई दारात उभ्या होत्या. अक्काताई बुचडे.
त्यांनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"ती नळाचं न्हाई इचारत," म्हणाल्या
आणि आत येऊन
पिस्ता रंगावर हाताची आडवी धार टेकवली,
माझ्या खांद्याजवळ.
"मागल्या पुराला हितवर. सहा दिवस.
आधी सांगाय लागतंच एजंट सोडून जातोय,
म्हणून त्यो सांगत न्हाई.
गॅस माळ्यावर चढवायचा, कागदं पिशवीत,
आणि पोलिसांची गाडी भोंगा वाजवाय लागली
की माझ्याकडं वर यायचं, लाजायचं न्हाई."

आडनाव त्यांनी विचारलं नाही.
माझी उंची बघितली नुसती,
डोळ्यांनी मापून, शिंप्यासारखी,
आणि म्हणाल्या, "स्टूल देते एक."

अकरा महिन्यांचा करार झाला.
आरगेनं दलाली मोजून घेतली,
मग पाचशेची एक नोट परत केली,
का ते सांगितलं नाही.

आता जूनपासून मी धरणाचे आकडे बघते,
जसे लोक सोन्याचे बघतात.
दहावीचं सर्टिफिकेट, कोर्टाचा कागद
आणि आईचा एक फोटो
सगळ्यात वरच्या फळीवर.
स्टूल मोरीत आहे, त्यावर बादली असते.

रात्री दिवा घालवताना
मी टाचा उचलते.